कुंडीतला साप आणि बेटावरचं कोडं

पावसाळ्यात मोरीतून किंवा तुळशीच्या कुंडीखालून काळपट, चकचकीत असं काहीतरी वळवळत बाहेर येतं आणि घरात एकच ओरडा होतो, "नागाचं पिल्लू!" मग कुणीतरी चप्पल उगारतं. बारामती असो की इंदापूर, ओल्या मातीच्या अंगणात हे ठरलेलंच. मरतो तो मात्र बहुतेक वेळा बिचारा वाळा. वीतभरसुद्धा नसलेला, बिनविषारी साप. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खाऊन जगणारा.

वाळा ओळखायचा कसा? गांडुळाच्या अंगावर कडी असतात, ते ओलं असतं आणि आखडत-ताणत सरकतं. वाळा कोरडा, गुळगुळीत. झरझर वळणं घेत पळतो, मधूनच इवलीशी जीभ बाहेर काढतो. डोळे म्हणजे खवल्याखाली झाकलेले दोन ठिपके. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. तो टोचला तरी विषबिष काही नाही. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच वीतभराहून लांब, डोळे स्पष्ट, आणि लगेच फणा काढतं! मण्यारीच्या पिल्लाच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. पण शंका आली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगून सर्पमित्राला बोलवायचं. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात.

आता गंमत बघा. ज्याला आपण अंगणात ओळखत नाही, त्यानं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही चकवलंय. विशाखापट्टणमला पॅट्रिक रसेल नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १७९६ मध्ये भारतातल्या सापांवर सचित्र ग्रंथ काढला. त्याच्या आधारे फ्रान्सच्या दोदँ यांनी १८०३ मध्ये या सापाला 'ब्रामिनस' हे नाव दिलं. पुढे हा पठ्ठ्या रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीत लपून जहाजांतून जगभर फिरला. जिथे उतरला तिथे नवा साप सापडल्यासारखं वाटे आणि त्याचं पुन्हा बारसं होई! पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर १९६९ मध्ये टेलर आणि ड्रायडन यांनी त्याला 'टिफ्लॉप्स स्यूडोसॉरस' म्हटलं. टेलर म्हणजे कुणी नवखे नव्हेत, सरपटणाऱ्या प्राण्यांचे नामांकित अभ्यासक. पण ही जात इतकी लहान आणि इतकी सगळीकडे सारखी, की फसायला होतंच.

मग उलगडा कसा झाला? खवले मोजून. अंगाभोवती खवल्यांच्या २० रांगा, डोक्यावरच्या खवल्यांच्या ठरावीक शिवणी. सगळं जुळलं आणि बेटावरचं ते नाव जुन्या नावात विलीन झालं. खवले मोजणं हे काम कंटाळवाणं, पण सापांच्या शास्त्रात त्याला तोड नाही.

तरी एक कोडं उरलंच होतं. नर सापडेचना! सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांचा अभ्यास करून रोनाल्ड नसबॉम यांनी १९८० मध्ये दाखवलं, की सगळ्या माद्याच आहेत. नराशिवायच त्या अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. १९८७ मध्ये पेशी तपासल्या, तर गुणसूत्रांचे नेहमीचे दोन नव्हे, तीन संच निघाले. म्हणून तर एका कुंडीतून एकच मादी गेली, तरी अख्ख्या बेटावर वाळ्यांची वस्ती होते.

आणखी एक बारसं २०१४ चं. तेव्हा शास्त्रज्ञांनी आंधळ्या सापांची नव्यानं विभागणी केली आणि आपला वाळा झाला 'इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस'.