घरचा संगणक व त्याचीं दुखणीं

घरोघरीं संगणक येऊन आतां बरींच वर्षें झालीं. तथापि तो एकाएकीं अडला म्हणजे मंडळींची जी तारांबळ उडते, तींत कांहीं फरक पडल्याचें आम्हांस दिसत नाहीं. कोणी भराभर बटणें दाबतो, कोणी वायर हालवून पाहतो, कोणी इंटरनेटवाल्यास दूषणें देतो, व शेवटीं यंत्र दुकानदाराच्या हवालीं होतें. यांपैकीं पुष्कळ दुखणीं घरच्या घरीं बरीं होण्याजोगीं असतात. मात्र औषध देण्यापूर्वीं दुखणें कोठें आहे हें पाहिलें पाहिजे. आम्ही या विद्येंतले पंडित नव्हे. वर्गांत व घरीं ठेचा खात जें शिकलों तेंच येथें सांगत आहों.

त्यांतील एक ठेच प्रथम सांगतों. आमच्या एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता व मुदत रात्रीं बारापर्यंत होती. सायंकाळीं सातच्या सुमारास तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, एकही पान उघडत नाहीं. सगळीं कागदपत्रें संगणकांत आहेत. अर्ज राहिला तर पोरीची फी कोठून भरूं?" आम्ही तत्काळ गेलों. त्याच वाय-फायवर तिच्या भावाचा मोबाइल उत्तम चालत होता. असें असूनही आम्हीं राउटर तीनदां बंद करून चालू केला, केबली काढून पुन्हां खोंचल्या, आणि अखेरीस इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यास फोनवर चार कठोर शब्द ऐकविले. यांत पावणेदोन तास गेले. प्रत्येक पान उघडतांना पडद्यावर एक सूचना येत होती व प्रत्येक वेळीं ती न वाचतांच आम्ही मिटवीत होतों. अखेर मागें उभी असलेली मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, तें काय लिहून येतें तें वाचूं का?" तिनें वाचलें. आपलें घड्याळ मागें आहे, असें तेथें स्पष्ट लिहिलें होतें. आम्हीं पडद्याच्या कोपऱ्यांत पाहिलें, तों तारीख एक जानेवारी, आणि सालही दहा-बारा वर्षांपूर्वींचें! तारीख व वेळ नीट करतांच पानें उघडूं लागलीं व साडेनवाच्या आंत अर्जाची पोंच हातीं आली.

घड्याळाचा व इंटरनेटचा संबंध काय, असें कोणासही वाटेल. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्याकरितां एक प्रमाणपत्र दाखवितें, व तें अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतें. आपला संगणक त्या तारखा स्वतःच्या घड्याळाशीं ताडून पाहतो. ज्याच्या हातीं जुन्या सालचें कॅलेंडर आहे अशा तिकीट-तपासनिसास आजचें तिकीट खोटेंच वाटणार! संगणकानें नकार दिला तो त्याच्या समजुतीप्रमाणें योग्यच होता. आतां घड्याळच कां मागें पडलें? टेबलावरील संगणकाच्या पोटांत रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. त्यावर बहुधा सी. आर. २०३२ असा क्रमांक असतो. प्लग बंद असतां घड्याळ त्यावर चालतें. सेल कांहीं वर्षांनीं संपतो, आणि मग रात्रीं मुख्य बटण बंद केलें कीं सकाळीं घड्याळ पुन्हां आपल्या जन्मतारखेवर जाऊन बसतें. इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय संगणकांत असते खरी, परंतु तफावत फार मोठी असली म्हणजे ती कामास येतेच असें नाहीं.

आमची चूक दुहेरी होती. सूचना वाचली नाहीं ही एक. आणि मोबाइल चालत असल्यामुळें राउटर निर्दोष ठरला होता, तरी त्यालाच शिक्षा करीत बसलों ही दुसरी. इंटरनेट आपल्या पडद्यापर्यंत येतें तें टप्प्याटप्प्यानें: संगणकापासून वाय-फायनें राउटर, तेथून फायबरनें कंपनी, व तेथून पुढें दूरदेशींचा एखादा संगणक. दुखणें कोणत्या टप्प्यावर आहे हें शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे साक्षीदार तपासणें. घरांतील दुसरें उपकरण चालतें काय? सर्वच पानें बंद आहेत कीं एकच? एकच पान बंद असेल तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा, तासाभरानें पाहावें. मोबाइलची साक्ष घेतांना मात्र त्याचा स्वतःचा डेटा बंद करून त्यास वाय-फायवरच ठेवावें, नाहीं तर ती साक्ष कुचकामाची.

वाय-फायचें चिन्ह पूर्ण भरलेलें पाहून पुष्कळ लोक फसतात. दारापासून वेशीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढेंच तें सांगतें. वेशीबाहेरचा पूल वाहून गेला आहे कीं काय, याची त्याला खबर नसते. घरांतील एकही उपकरण चालत नसेल तर फायबरच्या पेटीवरील दिवे पाहावे. एल. ओ. एस. या अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश पोंचत नाहीं असें समजावें. मग राउटर शंभर वेळां बंद-चालू केला तरी उपयोग नाहीं, कंपनीलाच कळवावें. तत्पूर्वीं ती बारीक केबल कपाटामागें चेंगरली अथवा काटकोनांत दुमडली नाहीं ना, हें पाहावें. आंत केंसासारखी कांच असते, व तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. दिवे ठीक असतील तर मात्र राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करावा व दोन-तीन मिनिटें थांबावें. ही थांबण्याची गोष्ट आमच्या लोकांना सर्वांत कठीण जाते.

संगणकास राउटरकडून एक क्रमांकी पत्ता मिळत असतो. सेटिंगमध्यें तो १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होतांना दिसला, तर राउटरनें पत्ता दिलाच नाहीं व संगणकानें आपणच एक तात्पुरता घेतला असें जाणावें. वाय-फाय तोडून पुन्हां जोडावें. कधीं पत्ता असतो, वाय-फाय असतें, तरी पान उघडत नाहीं. याचें कारण नांवांच्या वहींत असूं शकतें. संकेतस्थळांचीं खरीं ठिकाणें आंकड्यांनीं ओळखलीं जातात. नांवें आपल्या सोयीचीं. आरंभीं सर्व नांवांची एकच यादी अमेरिकेंत ठेवीत असत व जो तो ती उतरवून घेई. ती आवरेनाशी झाली तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवावरून आंकडा शोधून देणारी आजची डी. एन. एस. ही व्यवस्था रचली. ही वही बिघडली आहे काय हें पाहण्यास विंडोजच्या आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकींत पिंग हा शब्द व त्यापुढें ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक वहीचा पत्ता, दोन्ही इंग्रजींत, टाइप करावे. उत्तर आलें व तरीही नांवानें पान उघडत नसेल, तर रस्ता ठीक व वही बिघडलेली. संगणकाच्या सेटिंगमध्यें डी. एन. एस. च्या जागीं हाच आंकडा घातला म्हणजे बहुधा काम होतें.

वाय-फाय मंद असण्याचें कारण पुष्कळदां यंत्रांत नसून घराच्या बांधणींत असतें. जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट, पाण्याची टांकी, हीं सर्व त्या लहरी अडवितात. राउटर उंचावर व घराच्या मध्यभागीं असावा. त्याच्या दोन लहरींपैकीं २.४ गिगाहर्ट्झची दूरवर जाते पण मंद असते. ५ गिगाहर्ट्झची जलद, पण भिंतीपुढें हात टेकते. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. म्हणून स्वयंपाकघरांत कांहीं गरम करावयास ठेवलें कीं दिवाणखान्यांतील तास अडखळूं लागतो.

संगणक स्वतःच मंद झाला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या; कोणतें काम किती शक्ति खात आहे याचा हिशेब समोर येतो. येथें एक बारकावा आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलें तरी यंत्रणेचा कांहीं भाग तसाच साठवून ठेवला जातो, कीं पुढच्या वेळीं लौकर सुरू व्हावें. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नें होते. रोज रात्रीं बंद करतों तरी दुखणें जात नाहीं म्हणणाऱ्यांनीं हें करून पाहावें. धूळ, उष्णता व भरलेली डिस्क यांविषयीं फार लिहीत नाहीं. वैशाखांत पंखा ओरडूं लागला तर तो साफ करवून घ्यावा, हें सर्वांस समजतें. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली, हें मात्र जुने संगणक वापरणारांनीं ध्यानांत ठेवावें.

एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत लिहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानें गुण आला हें कळत नाहीं. १९४७ सालीं हार्वर्डच्या मार्क दोन या संगणकाच्या रिलेमध्यें एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो वेळेच्या नोंदीसह वहींत चिकटवून टाकला. ती वही अद्याप अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. दोषास 'बग' म्हणण्याची रीत त्याहून जुनी आहे, परंतु खराखुरा किडा लिहून ठेवणारे ते पहिले असावेत!

आतां ज्या दुखण्यास आम्ही सर्वांत भितों तें. पडद्यावर एकाएकीं भोंगा वाजतो, 'तुमच्या संगणकांत व्हायरस शिरला, या क्रमांकावर फोन करा' असें झळकतें. हें दुखणें नव्हे, वैद्याचें सोंग घेतलेला चोर आहे. फोन करूं नये. खिडकी बंद होत नसेल तर यंत्र बंद करावें. तसेंच, इंटरनेटवर शोधून सांपडलेला प्रत्येक मदत-क्रमांक खरा नसतो. तो बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरून घ्यावा. दुसऱ्याच्या पडद्याचा ताबा घेणारीं ॲपें कायदेशीर आहेत, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तीं घालणें म्हणजे तिजोरीची किल्ली देणें होय. ओटीपी कोणासही सांगूं नये. पैसे गेलेच तर लाजेनें घरांत बसूं नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितक्या लौकर कळवावें तितकी रक्कम वाटेंतच अडविली जाण्याची आशा अधिक.

त्या विद्यार्थिनीच्या घरचा सेल दुसऱ्या दिवशीं आम्हीं प्लग काढून बदलला. तिनें राउटरच्या पाठीवर कंपनीचा तक्रार-क्रमांक व आपला ग्राहक-क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटविली. आदल्या रात्रीं ज्या कर्मचाऱ्यावर आम्ही विनाकारण रागावलों होतों, त्याची क्षमा मागावी म्हणून त्याच क्रमांकावर आम्हीं फोन केला. पण उचलणारा कोणी दुसराच होता, आणि आमची तक्रार काय आहे, असें तो पुनःपुन्हां विचारीत राहिला.