शेळ्यांची शिंगे काढावीत काय?

देवनहळ्ळीनजीकच्या नंदीदुर्गाचे नाव धारण करणारी शेळी मांसासाठी पाळली जाते. तिला बिनशिंगी दुभत्या शेळ्यांबरोबर एकाच वाड्यात कोंडल्यास शिंगांच्या धडकेने कासेस इजा होण्याचा संभव असतो. मग शिंगे कापावीत काय?

शिंग हे नखाप्रमाणे निर्जीव नव्हे. त्याच्या कठीण आवरणाखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला हाडाचा गाभा असतो. प्रौढ शेळीत कवटीतील पोकळी या गाभ्यात शिरलेली असते. त्यामुळे ते कापल्यास तीव्र वेदना, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचे भय असते. करडाचे शिंगांकुर पहिल्या एक-दोन आठवड्यांत पशुवैद्याकडून, बधिरीकरण करून, डागवता येतात. परंतु अल्पकाळ पाळावयाच्या पशूस ही यातना कशासाठी? स्वतंत्र वाडा व ऐसपैस गव्हाण हाच श्रेयस्कर उपाय होय.