विमानाच्या शेपटीवरचा नंबर

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या पूर्व भागात, शेतांच्या मधोमध, अमेरिकन हवाई दलाचे कितीतरी तळ उभे राहिले. आठव्या हवाई दलाची बी-१७ आणि बी-२४ बॉम्बर विमानं १९४२ पासून तिथून मोहिमांवर जाऊ लागली. या तळांवर काढलेले हजारो फोटो आज घरबसल्या पाहता येतात. माझं रोजचं काम डेटाशी, त्यामुळे माझी नजर आधी गेली ती विमानांच्या शेपटीवरच्या नंबरांकडे.

हे फोटो काढले कोणी? काही लष्कराच्या अधिकृत फोटोग्राफर्सनी. मोहिमेआधी विमानासमोर उभे असलेले दहा जण, परतल्यावर पंखाला पडलेली भोकं, हे सगळं टिपणं त्यांच्या कामाचाच भाग होतं. पण कितीतरी फोटो मेकॅनिकनी किंवा बॉम्ब चढवणाऱ्या साध्या जवानांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढलेले आहेत. खाजगी कॅमेऱ्यांवर निर्बंध होते. रंगीत कोडाक्रोम फिल्मला भरपूर उजेड लागे आणि ती धुण्यासाठी कोडाकच्या लॅबकडेच पाठवावी लागे. तरीही त्यातले रंग आज ऐंशी वर्षांनंतर कालच्यासारखे वाटतात.

आकाशातलं चित्रण याहून कठीण होतं. दिग्दर्शक विल्यम वायलर बॅसिंगबोर्न तळावर १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन पोचले आणि स्वतः मोहिमांवर गेले. पंचवीस हजार फुटांवर, शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीत कॅमेरे गोठत. त्यांच्या चमूतले हॅरोल्ड टॅनेनबॉम एप्रिल १९४३ मध्ये विमान पाडलं गेलं तेव्हा मारले गेले. १९४४ साली ‘मेम्फिस बेल’ हा माहितीपट आला, त्यामागे ही किंमत होती.

त्या मेम्फिस बेल विमानाचा क्रमांक होता ४१-२४४८५. शेपटीवर वर्षाचा पहिला आकडा गाळून १२४४८५ असं लिहीत. अंगावर डीएफ ही अक्षरं म्हणजे ३२४ वी स्क्वाड्रन. शेपटीवरच्या त्रिकोणातला ए म्हणजे ९१ वा बॉम्बर गट. एवढं दिसलं की विमानाची ओळख पटते. म्हणूनच युद्धकाळात वर्तमानपत्रांत छापायच्या फोटोंतून सेन्सॉर अशा खुणा खोडून टाकत. शत्रूपासून जे लपवायचं होतं, तेच आज आपल्या सर्वांत उपयोगी पडतं.

१९४३ पासून न परतलेल्या विमानांचे अहवाल लिहिले जाऊ लागले. त्यात विमानाचा क्रमांक आणि त्यातल्या माणसांची नावं असत. फोटोतला नंबर वाचता आला, तर तो अहवाल सापडतो आणि त्या विमानाचं, त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं ते कळतं. आठव्या हवाई दलाचे २६ हजारांहून अधिक जण या युद्धात मारले गेले. मेम्फिस बेलच्या वैमानिकांनी २५ मोहिमा पुऱ्या केल्या आणि ते घरी परतले. अनेकांच्या बाबतीत तळावरचा असा एखादा फोटोच शेवटचा ठरला.

हे फोटो जमवण्याचं मोठं काम रॉजर फ्रीमन या एसेक्समधल्या शेतकऱ्याने केलं. लहानपणी त्याने हीच विमानं डोक्यावरून जाताना पाहिली होती. पुढे त्याने जुन्या सैनिकांकडून फोटो मिळवले आणि १९७० मध्ये ‘द माइटी एट्थ’ हा ग्रंथ लिहिला. २००५ मध्ये तो गेला. त्याचा १५ हजारांच्या आसपास फोटोंचा संग्रह पुढे इम्पीरियल वॉर म्युझियम्सकडे आला आणि २०१४ पासून लोकांसाठी ऑनलाइन खुला झाला. तिथे कोणीही एखादं नाव, एखादी तारीख पुरवू शकतं. कुणाची नात आजोबांना ओळखते आणि ‘अनोळखी जवान’ या ओळीच्या जागी नाव येतं.

मंडळी, हे वाचताना आपल्या घरातली पत्र्याची ट्रंक आठवली असेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी सैन्यात होतं. बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच आहे. गणवेशातले चार-पाच तरुण ओळीने उभे, मागे ट्रक किंवा बराक, आणि फोटोच्या पाठीवर काहीच नाही, असे फोटो त्या ट्रंकेत असतात. त्या चेहऱ्यांची नावं आज घरातल्या एखाद्या आजींनाच ठाऊक असतात. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. कोण, कुठे, केव्हा, एवढं विचारा आणि मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहा. स्कॅन नंतरही करता येईल. नावं मात्र आत्ताच विचारायला हवीत.