शनवारी घाणा बंद!

पेणकर, किहीमकर, नवगावकर. कोकणातली आडनावं ना? बरोबर! पण ही ज्यूंचीही आहेत. बेने इस्रायल म्हणतात त्यांना.

त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात जोडपी तेवढी वाचली, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, बायका साडी नेसू लागल्या, मराठी तर घरचीच झाली. शनवारी मात्र घाणा बंद! तो त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार. मग काय, गावानं नाव पाडलं 'शनवार तेली'! (नावं पाडण्यात गावाचा हात कोण धरणार?) पण त्यांचा शनवार कुणी मोडायला लावला नाही.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि बरेच जण तिकडे गेले. तिथं, आपल्याच धर्माच्या लोकांत, प्रश्न आला, "तुम्ही खरे ज्यू का?" धर्मगुरू त्यांच्या लग्नांना आडकाठी करू लागले! माणसं आंदोलनाला बसली. शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचं मानलं.

मराठी सुटली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथंच निघालं. आणि शुभकार्याला पोहे-खोबऱ्याचा मलिदा अजून होतो.