घोरपड आणि अळंबें

घोरपड व अळंबें यांची तुलना करावयाची म्हटल्यास वाचक आम्हांस हसतील. एक खडकास घट्ट बिलगणारा बळकट प्राणी, तर दुसरी बोटाच्या धक्क्यानें मोडणारी पावसाळी छत्री! घोरपड शेपटीसह सुमारें दीड मीटरपर्यंत वाढते. अळंबें थोड्याच दिवसांत कुजून जातें. तथापि कोंकणांतील रानांत श्रावणाच्या सुमारास एखादें जुनें वारूळ लक्षपूर्वक पाहिलें, तर या दोघांचा संबंध ध्यानांत येतो.

वाळवी वाळलेलीं पानें व लाकूड वारुळांत नेऊन त्यांवर एक प्रकारची बुरशी जोपासते. लाकडाचा जो कठीण अंश वाळवीस सहज पचत नाहीं, तो ही बुरशी मऊ करते, आणि मग तेंच वाळवीचें अन्न होतें. भूमि पावसानें भिजली म्हणजे त्याच बुरशीचा लांब देंठ माती भेदून वर येतो व टोंकदार छत्री उघडतो. गोमंतकांत वारुळास रोयण म्हणतात, व तेथें हीं अळंबीं मोठ्या आवडीनें खातात. वाळवी नसेल, तर रानांत तीं उगवत नाहींत.

घोरपडीसही वारुळाचा आधार लागतो. मादी कित्येकदां त्यांत बीळ खणून अंडीं घालते आणि तोंड मातीनें बुजविते. आंतील उष्णता व ओलावा फारसा बदलत नसल्यामुळें अंडीं कित्येक महिने सुरक्षित राहतात.

अळंबें ही वनस्पति होय, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु त्यांत हरितद्रव्य नसतें. शिवाय त्याच्या पेशींच्या भिंतींत कायटिन नांवाचा पदार्थ असतो, जो किड्यांच्या कवचांतही आढळतो. वंशाचा विचार करितां शास्त्रज्ञ बुरशीस झाडांपेक्षां प्राण्यांच्या अधिक जवळची मानतात. म्हणजे अळंबें हें शेजारच्या सागापेक्षां घोरपडीचेंच जवळचें आप्त ठरतें!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपड मारणें हा गुन्हा आहे. तरी मांसासाठीं तिची चोरून शिकार होते. वारुळास मात्र कोणी वाली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत अळंब्यांच्या लोभानें मुळापर्यंत उकरलेलें एक वारूळ आम्ही पाहिलें. मातीच्या ढिगांत फुटलेलीं अंडीं पडलीं होतीं. पहारीच्या एकाच घावानें पुढील वर्षींचीं अळंबीं गेलीं, आणि घोरपडीचीं पिलेंही गेलीं.

म्हणून आमची विद्यार्थिबंधूंस विनंति आहे कीं, अळंबीं जाणत्या माणसास दाखविल्यावांचून खाऊं नयेत, तीं वरच्या वर अलगद खुडावींत, आणि वारूळ तसेंच उभें ठेवावें.