विश्लेषण : एका छपराखाली दोन घरे, चांदोरचा ब्रागांझा वाडा काय सांगतो?

मडगावपासून काही किलोमीटरवर असलेल्या चांदोर गावात चर्चसमोरच्या रस्त्याला लागून एक दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर एका ओळीत २४ खिडक्या. बाहेरून एकच वाटणाऱ्या या घराचे आत दोन भाग आहेत : पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, तर पूर्वेला ब्रागांझा परेरा. एकाच कुटुंबाच्या या दोन शाखा.

घर कोणाचे?
पोर्तुगीज सत्तेत मोठे झालेले हे घराणे. त्याच सत्तेवर लेखणी चालवणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) याच चांदोरचे. गोव्यातील पहिले पोर्तुगीज दैनिक ‘ओ हेराल्डो’ १९०० मध्ये सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. पणजीतील इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पश्चिम भागात नाचाचे दालन, झुंबरे आणि मोठे ग्रंथालय आहे, तर पूर्व भागात खासगी प्रार्थनाघर.

बांधणीत वेगळे काय?
दर्शनी भाग युरोपीय, रस्त्याकडे तोंड केलेला. आत मात्र चौक, म्हणजे गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांतले राजांगण. अशा घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र, पाणी शोषणारा, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. काच महाग होती, त्यामुळे खिडक्यांच्या लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे बसवत. त्यातून उजेड मऊ होऊन येतो, ऊन डोळ्यांवर येत नाही. आता अशी खिडकी दुरुस्त करणे कठीण आहे. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला आहे. त्यामुळे जुन्या खिडक्यांतले तुकडे जपून वापरणे एवढाच सोपा मार्ग उरतो.

मग गोव्यातली इतकी घरे कुलूपबंद का?
खरी अडचण पैशांइतकीच कागदांची आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा गोव्यात मुक्तीनंतरही टिकला. त्यात मुलगा-मुलगी समान वारस. मालमत्तेचा निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो, मृत्युपत्रानेही तो सहसा काढून घेता येत नाही. उर्वरित देशात मुलींना समान हक्कासाठी बरीच वाट पाहावी लागली, हे लक्षात घेतले तर कायदा पुरोगामीच. पण तीन पिढ्यांची वाटणी झालीच नाही, तर एका घराचे वीसेक सहमालक होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला. विक्रीसाठी सगळ्यांच्या सह्या हव्यात, बहुतेकदा जोडीदारांच्याही. दुरुस्तीचा खर्च करायला मात्र कोणी पुढे येत नाही.

दरम्यान पाऊस थांबत नाही. मृगाआधी शाकारणी चुकली की कौले सरकतात, वासे भिजून कुजतात आणि छप्पर बसले की चिऱ्याच्या भिंतीत पाणी मुरू लागते. चांदोरचे घर टिकले, कारण दोन्ही भागांत माणसे राहत आली. घर पाहायला येणाऱ्यांकडून मिळणारी देणगीही देखभालीला उपयोगी पडते.