डे-स्कूल, पंचवीस टक्के जागा आणि आठवीनंतरची फी

मुंबई उपनगर जिल्ह्यात आदिवासी राहतात असे सांगितले की आपल्या काही हितचिंतकांना अजूनही नवल वाटते. आरे दुग्ध वसाहतीच्या परिसरातील सत्तावीस पाडे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा येथे वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आरे वसाहत 1949 साली वसली. पाडे त्याआधीचे. या पाड्यांवर अलीकडे पालक कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारतात : "त्या मोठ्या शाळेत आमच्या पोराला घेतील का?" मोठी शाळा म्हणजे महामार्गालगतची, पिवळ्या बसगाड्यांची, खासगी इंग्रजी शाळा. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. पण ते अर्धेच उत्तर आहे आणि उरलेले अर्धे पालकांना व दात्यांना आधी ठाऊक असलेले बरे.

प्रथम या शाळा काय करतात ते पाहू. मूल सकाळी जाते, संध्याकाळी घरी येते, म्हणून ती डे-स्कूल. आपल्या आश्रमशाळांच्या अगदी उलट. आणि तिचे सगळे लक्ष एका गोष्टीवर असते : बारावीनंतर मुलाला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा. जुहूची जमनाबाई नरसी शाळा 1971 पासून आहे. गोरेगावची ओबेरॉय इंटरनॅशनल 2008 ची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या. काहींत आयसीएसई, काहींत सीबीएसई, तर वरच्या इयत्तांत केंब्रिज किंवा 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' म्हणजे आयबी.

आयबीचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा 1968 मध्ये जिनिव्हा येथे सुरू झाला. त्यात सहा विषय असतात. त्यांपैकी तीन, फार तर चार, वरच्या पातळीवर शिकायचे. शिवाय एका विषयावर चार हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा, ज्ञान म्हणजे काय यावर विचार करायला लावणारा एक स्वतंत्र अभ्यासक्रम पुरा करायचा आणि कला, खेळ व समाजसेवा यांना ठरावीक वेळ द्यायचा. एकूण गुण 45, उत्तीर्ण होण्यासाठी साधारणपणे 24 लागतात. पाठांतराला इथे फारसा वाव नाही. नववीपासूनच मुलाला संदर्भ शोधायला, आपले म्हणणे मांडायला, प्रयोगाची वही स्वतः लिहायला शिकवले जाते. विद्यापीठांचे अर्ज कसे भरायचे हे सांगणारा सल्लागार शाळेतच असतो. शिक्षण म्हणून हे उत्तम आहे, यात शंका नाही. त्याची फी वर्षाला काही लाख रुपये असते, यातही नाही.

यातील समाजसेवेमुळे आपला या शाळांशी आधीच संबंध येतो. आपल्यासारख्या संस्थांकडे अशा शाळांची मुले येतात, पाड्यावर पुस्तके वाटतात, भिंती रंगवतात, वर्गात इंग्रजी शिकवतात. चांगली मुले असतात, मनापासून काम करतात. पण खांबाच्या पाड्यावरचे मूल त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेले आपल्याला का दिसत नाही, हा प्रश्न त्यांनाही पडायला हरकत नाही.

बसू शकते का? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 12 नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना द्यायच्या आहेत. अनुसूचित जमातीचे मूल वंचित घटकात मोडते, म्हणून त्याला उत्पन्नाची अट नाही. वडिलांचा पगार किती, हे विचारले जात नाही. आपल्या राज्यात अर्ज ऑनलाइन भरायचा, नकाशावर घराची जागा दाखवायची आणि जवळच्या शाळा निवडायच्या. घरापासून एक किलोमीटरच्या आतील मुलांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. जागेपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेण्यास कायद्याने बंदी आहे. या प्रवेशांचे शुल्क शासन शाळेला ठरावीक दराने देते, मात्र ते वेळेवर मिळत नाही अशी शाळांची तक्रार असते. तो शासन आणि शाळा यांच्यातला हिशेब आहे. त्यावरून पालकाकडे फी मागता येत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबईसारख्या शहरात पालिकेची शाळा कुठे नाही? म्हणजे जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्दच केला.

एक सूट मात्र कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि 2014 मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. उपनगरांतील कित्येक नावाजलेल्या शाळा, त्यांत मिशनच्या कॉन्व्हेंट शाळाही आल्या, या वर्गात येतात. त्यांच्यावर कायद्याचे बंधन नाही. मिशनच्या शाळांनी बंधन नसतानाही पाड्यावरची दोन-चार मुले दरवर्षी घ्यावीत, असे आम्हांला वाटते. आपल्याच घरच्या माणसांना सांगायला संकोच कसला?

आता राहिलेले अर्धे उत्तर. कलम 12 ची ही सवलत प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंतच आहे. म्हणजे वय 6 ते 14, म्हणजे आठवी. नववीत पाय ठेवला की तेच मूल, तोच वर्ग, पण फी पूर्ण. महाविद्यालयाची खरी तयारी या शाळांत नववीलाच सुरू होते : केंब्रिजचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रयोगशाळा, विषयांची निवड. मूल आठ-नऊ वर्षे ज्या कामासाठी त्या शाळेत घडवले, ते काम सुरू होते त्याच दिवशी कायदा हात काढून घेतो. काही शाळा स्वतःहून सवलत पुढे चालू ठेवतात. तो त्यांचा चांगुलपणा, मुलाचा हक्क नव्हे.

याला आणखी एक गाठ आहे, जी पालकांना सहसा कोणी सांगत नाही. आठवीतल्या हुशार मुलांसाठी केंद्र शासनाची एनएमएमएस नावाची परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. पण ही परीक्षा सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. पंचवीस टक्क्यांतून खासगी विनाअनुदानित शाळेत गेलेले मूल घरची परिस्थिती तीच असूनही तिला बसू शकत नाही. अनुसूचित जमातीच्या मुलांना नववी-दहावीत मिळणारी शिष्यवृत्ती आहे, पण ती महिन्याला काही शे रुपये. लाखांच्या फीपुढे ती बसच्या भाड्यालाही पुरत नाही.

म्हणून प्रवेश घेतानाच नववीचा विचार करायला हवा. आमचे मत स्पष्टच सांगतो. पाड्याजवळ दोन-तीन खासगी शाळा यादीत दिसत असतील, तर सर्वांत झगमगीत शाळा पहिली लिहू नये. जिथे दहावीपर्यंत राज्य मंडळ आहे, फी मध्यम आहे आणि नववी-दहावीची फी नातेवाईक, संस्था, दाते मिळून भरता येईल, ती आधी लिहावी. राज्य मंडळ असले तर नववीत अनुदानित शाळेत बदली करणेही सोपे जाते. आयबीतून नववीत राज्य मंडळात आलेल्या मुलाला पुस्तके, प्रश्नपत्रिका, मराठीची पातळी सगळेच नवे असते. पालिकेनेही 2020 पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने इतर मंडळांच्या शाळा काढल्या आहेत. जोगेश्वरीच्या पूनमनगरची सीबीएसई शाळा त्यांपैकीच, आणि ती आरेपासून फार दूर नाही. तिथे फी नाही, त्यामुळे आठवीची भिंतही नाही.

डे-स्कूलचा एक मोठा फायदा आहे, तो आश्रमशाळेच्या कामात आयुष्य घालवलेल्यांना लगेच कळेल. मूल घरी राहते. आजीची बोली, होळी, वाघदेव, भाताची लावणी हे तुटत नाही. पण संध्याकाळी मूल घरी परतते ते कुठल्या घरी? एका खोलीत सहा माणसे, वीज बेभरवशाची, पाड्याच्या वाटेवर दिवे नाहीत आणि अंधार पडला की बिबट्याची भीती. शाळा गृहीत धरते की घरी टेबल आहे, इंटरनेट आहे, इंग्रजीत प्रकल्प करून देणारे कोणीतरी आहे. शाळेनंतरचे रोबोटिक्सचे वर्ग पाच वाजता सुटतात, आणि मरोशीपाड्यावरच्या मुलीच्या आईला त्या वेळी पोर घरात हवी असते. या मुलांचा अभ्यास मागे पडतो तो बुद्धीमुळे नव्हे, या दोन-तीन तासांमुळे.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते काम वाढवले. मुले गुरांमागे कुरणात जातात तर शाळाच कुरणात न्यायची, असे त्यांनी ठरवले. त्याच धर्तीवर आज पाड्यावरच एक अभ्यासिका हवी : सौरदिवे, चार टेबले, इंटरनेट आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक शिक्षक. एका मुलाच्या आयबीच्या एका वर्षाच्या फीत अशी अभ्यासिका वर्षभर चालू शकेल, असा आमचा अंदाज आहे. दात्यांनी एका मुलाची लाखांची फी उचलण्यापेक्षा हे आधी करावे, असे आम्ही म्हणतो तेव्हा काहींना ते निरुत्साही वाटते. पण फी भरूनही अभ्यासाला जागा नसेल तर ती फी कुणाच्या कामाची?

दहावीनंतरचा मार्ग बहुतेक मुलांसाठी साधाच असतो, आणि तो वाईट नाही. अकरावीचे प्रवेश मुंबईत 2009 पासून ऑनलाइन होतात, त्यात अनुसूचित जमातीला 7 टक्के जागा आहेत. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाचे शुल्क थोडे असते, आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. इथे सावध राहायचे ते 'इंटिग्रेटेड' वर्गांपासून. नाव एका महाविद्यालयात, शिकवणी खासगी क्लासमध्ये आणि फी दोन्हीकडे. हा प्रकार रोखण्यासाठी शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. क्लास अजून चालूच आहेत. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतूनही देता येतात, हे पालकांना जरूर सांगावे. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी व हिंदीतच असते.

आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि त्यांत जागा न मिळालेल्यांसाठीची स्वयं योजना आपल्या पालघर-डहाणूच्या मुलांना मोठा आधार आहे. पण ज्या शहरात शिक्षण, त्याच शहराचा रहिवासी असलेल्याला स्वयं योजना लागू नाही. केलटीपाड्याचे मूल मुंबईकर ठरते आणि वगळले जाते.

शेवटी कागद, कारण निम्मी मुले तिथेच अडतात. पंचवीस टक्क्यांसाठी वडिलांचा जातीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब 6 सप्टेंबर 1950 पूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांच्याकडे शाळेचा दाखला कुठून येणार? अशा वेळी जुनी जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, सातबारा, वडिलांकडच्या नात्यातल्या कोणाचा तरी दाखला शोधावा लागतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय प्रवेशाला जातवैधता प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज अकरावीतच करावा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली की जागा हातची जाते.

प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी साधारणपणे नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सुरू होते आणि मुदत थोडी असते. तेव्हा ज्या पाड्यांवर पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणारी मुले आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच घरोघरी जाऊन कोणाकडे कोणता कागद नाही याची यादी करावी. जातीच्या दाखल्यासाठी वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक फेरी पुरत नाही, आणि प्रत्येक फेरीला वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. ज्या हितचिंतकांना कार्यालयीन कामाचा अनुभव आहे, त्यांनी त्या फेऱ्यांना एखाद्या पालकासोबत जावे.